शेजारच्या गावचे खून टीव्हीवर: 'मानवत मर्डर्स' आणि सेलूतली एक बैठक

4 ऑक्टोबर 2024 ला सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' आली तेव्हा घटस्थापना होऊन एकच दिवस झाला होता. परभणी जिल्ह्यात सोयाबीनची काढणी चालू होती, सप्टेंबरच्या सुरुवातीच्या पावसानं ज्यांचं रान खरवडून नेलं ते पंचनाम्यामागं लागले होते, आणि विधानसभेच्या तिकिटांची कुजबुज पारावर आली होती. अशा दिवसांत आठ भागांची मालिका बसून बघायला आमच्याकडं कुणाला सवड नसते. तरी ही बघितली गेली, ती नावामुळं. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला 'मानवत' हे पोस्टरवरचं एक गूढ नाव असेल. सेलूच्या माणसाला ते परभणीकडं जाताना लागणारं पुढचं मोठं स्टेशन आहे, मानवत रोड. कुणाची लेक तिथं दिलेली असते, कुणाचा कापूस तिथल्या बाजारात जातो.

मी महाविद्यालयात जनसंवाद हा विषय शिकवतो. सत्यघटनेवरच्या नाट्याला प्रेक्षक कसा भिडतो, हे शिकवायला बाहेरची उदाहरणं भरपूर आहेत. त्यातलं एकही मुलांच्या अंगाला लागत नाही. म्हणून ही मालिका एका घरात, दहा-बारा माणसांनी मिळून कशी बघितली, त्यावरून काय वाद झाला आणि पुढं काय झालं, ते इथं मांडतो आहे. बैठकीतल्या कुणाचंही नाव देत नाही. आरोपींचीही नावं देत नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

बसलेली माणसं

घर सेलूतलं. यजमान कापूस एकाधिकार खरेदीत ग्रेडर होते, आता निवृत्त. अख्खी गल्ली त्यांना काका म्हणते. काकू. काकूंची थोरली बहीण, मानवत तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलेली, साठी ओलांडलेली. तिला लहानथोर सगळे 'मोठ्याई' म्हणतात. शेजारचे एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापक, काकांचा नातू आणि माझे काही विद्यार्थी. त्यातला एक मुलगा फासेपारधी समाजातला.

काकूंचे उपवास चालू होते. पहिल्या रात्री त्या म्हणाल्या, "नवरात्रात हे असलं रक्तमांस कशाला लावलंय घरात?" आणि भगर-आमटीचं पातेलं झाकून तिथंच बसल्या. उठून गेल्या नाहीत.

प्रकरण मुळात काय होतं

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या साधारण चौदा महिन्यांत मानवत आणि आजूबाजूला दहा जीव गेले. बहुतेक लहान मुली आणि बायका. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं, पिंपळावरचा मुंजा प्रसन्न व्हावा यासाठी कुमारिकांच्या रक्ताचा नैवेद्य दाखवला गेला, असा पोलिसांचा आरोप. गावातला एक वजनदार पुढारी, नगरपालिकेचा अध्यक्षही राहिलेला, आणि त्याच्याबरोबर राहणारी पारधी समाजातली एक बाई, या दोघांनी हा कट केला असं आरोपपत्र म्हणत होतं. स्थानिक तपास अडला तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवच्या 1968 च्या प्रकरणानं त्यांचं नाव आधीच झालेलं होतं.

मालिका या कुलकर्णींच्या आठवणींच्या पुस्तकावर बेतलेली आहे. दिग्दर्शक आशिष बेंडे, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, पुढाऱ्याच्या भूमिकेत मकरंद अनासपुरे, सोबत सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर. म्हणजे ही गोष्ट मुळात तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेतून आली आहे. पुढच्या सगळ्या वादाची मुळी इथंच आहे. पण पहिल्या रात्री ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

पहिल्या रात्रीचं बोलणं

पहिली प्रतिक्रिया खुनांबद्दल नव्हती, बोलीबद्दल होती. काकांचा नातू दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "हे परभणीचं बोलणं नाही, हे बीडचं झालं." मुख्याध्यापकांना तेही पटेना. पात्रांच्या डोक्यावरच्या टोप्या, लुगड्यांचे काठ, घराच्या धाब्याची माती, सगळ्याची तपासणी झाली. आपला मुलूख पडद्यावर दिसला की आमची माणसं आधी तपासनीस होतात आणि मग प्रेक्षक. हिंदी मालिकेतल्या पंजाबच्या शेताला आम्ही कधी असली परीक्षा लावत नाही.

दुसरी गोष्ट अनासपुरेंची. काकूंना त्यांना बघून आधी हसूच येत होतं. वर्षानुवर्षं विनोदी भूमिकांत बघितलेला, 'नाम' फाउंडेशनच्या कामामुळं दुष्काळी भागात घरचा वाटणारा माणूस हे असं करील, हे त्यांना गळी उतरत नव्हतं. दोन-तीन भागांनंतर हसू थांबलं. "गोड बोलणारा माणूसच हे करू शकतो बरं," असं त्या म्हणायला लागल्या. निवड चपखल होती हे मला मान्य आहे. पण काकूंच्या बोलण्यातला बदल बघा. नटाबद्दलचा संशय संपला तसा पात्राबद्दलचाही संपला. इथून पुढं त्या माणसाच्या अपराधाबद्दल त्यांच्या मनात शंका म्हणून उरली नाही.

मोठ्याईनं रिमोट मागितला

एका भागात एक पोरगी वाटेनं एकटी चाललेली दिसली आणि मोठ्याई म्हणाली, "थांबव रे ते." नातवानं थांबवलं. मग ती बोलत राहिली आणि पडद्यावर ती पोरगी तशीच उभी.

1972 ला मोठ्याई नऊ-दहा वर्षांची होती, म्हणजे त्या मुलींच्याच वयाची. तिनं सांगितलं ते असं. दुष्काळ पडलेला. माय-बाप दोघं दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. सकाळी अंधारात निघायचे, दिवेलागणीला यायचे. घरात लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची भाकरी, कामावर खायला मिळालेली सुकडी फडक्यात बांधून आणलेली. लेकरं दिवसभर एकटी. पाणी भरायचं पोरीनं, जळण वेचायचं पोरीनं, धाकट्याला कडेवर घेऊन. आणि मग बातमी आली. माय तिला बाजेच्या पायाला बांधून कामावर जायला लागली. दोरी लांब ठेवायची, रांजणापर्यंत पोचेल एवढी.

"पोलीस कवा आला, कोण पकडला, आम्हाला काय माहीत. दोरी सुटली तवा कळलं की पकडले म्हणून."

तपास कितीही कसून लिहिला तरी ही दोरी त्यात येणार नाही, कारण ती कुठल्याच जबाबात नव्हती. त्या दुष्काळानं राज्याला रोजगार हमी दिली, हे आपण अभिमानानं शिकवतो. माय-बाप खडीवर गेल्यामुळं गावंच्या गावं दिवसभर लेकरांच्या हवाली झाली होती, हे मला मोठ्याईकडून कळलं. तिनं पुढचा भाग लावू दिला, पण शेवटचे दोन भाग ती बघायला आली नाही.

गुप्तधनाचा विषय निघाला तेव्हा काकांनीही एक गोष्ट लक्षात आणून दिली. आमच्याकडं जुन्या वाड्याच्या भिंतीत हंडा सापडल्याची गोष्ट गावोगाव आहे, आणि ती सगळीच थाप नसते. रझाकारांच्या धामधुमीत, 1948 च्या पोलीस कारवाईच्या आगेमागे, घरं सोडताना लोकांनी डागडागिने खरोखरच पुरले. काही परतले, काही नाही. त्यानंतर चोवीस-पंचवीस वर्षांनी, दुष्काळात, कुणी मांत्रिक म्हणाला की तुझ्या जागेत धन आहे, तर ऐकणाऱ्याला ते अगदीच अशक्य वाटायचं नाही. शहरातला प्रेक्षक 'किती अडाणी लोक' म्हणून मोकळा होतो. इथला प्रेक्षक तसा मोकळा होऊ शकत नाही.

ठिणगी

शेवटचा भाग संपला आणि मुख्याध्यापकांनी समाधानानं उसासा टाकला. "मोठा माणूस असला तरी कायद्यापुढं काय चालतंय."

वकील म्हणाले, "सुटले की ते दोघं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक विद्यार्थिनी जवळजवळ चिडून म्हणाली, "सुटले म्हणजे? मग मारलं कुणी?"

"मारलं कुणी हा एक प्रश्न. कट कुणी केला आणि तो कोर्टात सिद्ध झाला का, हा दुसरा."

वकिलांनी सांगितलं ते थोडक्यात असं. प्रत्यक्ष खून केल्याबद्दल काही जण दोषी ठरले, फाशीच्या शिक्षाही झाल्या. पण ज्या दोघांना सूत्रधार म्हटलं गेलं, त्यांच्यावरचा कटाचा आरोप अपिलात शेवटपर्यंत टिकला नाही. फिर्यादी पक्षाची भिस्त माफीच्या साक्षीदारांवर होती. गुन्ह्यात सामील असलेलाच माणूस माफीच्या बोलीवर दुसऱ्यांची नावं सांगतो, तेव्हा त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणाला शिक्षा द्यायची नाही, दुसरीकडून दुजोरा हवा, हा कोर्टांनी बांधून घेतलेला दंडक. सूत्रधारांच्या बाबतीत तो दुजोरा पुरेसा नव्हता.

नातू म्हणाला, "म्हणजे पुढारी म्हणून सुटला." वकील हसले. "मग त्याच्याबरोबरची बाई कशी सुटली? ती कुठं पुढारी होती?"

यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच माझा तो पारधी विद्यार्थी पहिल्यांदा बोलला. "सर, वस्तीवर गाडी आली की आमची माणसं अजून रानात पळतात. आता ही सिरीज बघून वर्गातली पोरं माझ्याकडं बघून हसायलेत. ती बाई सुटली होती हे त्यांना कोण सांगणार?"

अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजी अमलातला 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला रद्द झाला. तो लोकांच्या डोक्यातून रद्द झाला नाही, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. त्या रात्री ते सांगायची गरज पडली नाही, समोरच बसलं होतं. मालिकेनं त्या समाजाला नावं ठेवली असं मी म्हणत नाही. पण अख्ख्या गोष्टीत एका जमातीची एकच ठळक बाई असली आणि ती रक्ताचा नैवेद्य मागणारी असली, तर त्या जमातीच्या पोराला बसमध्ये, वर्गात काय ऐकावं लागेल, हे लेखकाच्या हेतूवर ठरत नाही.

पोस्टर

हे सगळं घरातच राहिलं असतं. पण माझ्या विद्यार्थ्यांनी मालिकेवर महाविद्यालयात चर्चा ठेवायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टर केलं. काळी पार्श्वभूमी, पिंपळ, लाल शिंतोडे, आणि खाली 'आपल्या जिल्ह्याचं रक्तरंजित सत्य'. पुढारी आणि बाई या दोघांचीही नावं ठळक अक्षरांत. मालिकेच्या जाहिरातीपेक्षा भडक.

दोन हरकती आल्या. वकिलांची हरकत कायद्याची होती: न्यायालयानं ज्यांना दोषी धरलं नाही त्यांची नावं 'सत्य' या शब्दाखाली छापू नका. दुसरी हरकत मानवतहून आली. विद्यार्थ्यांनी तिथल्या एका वयस्क अडत व्यापाऱ्याला वक्ता म्हणून बोलावलं होतं. त्यांनी फोनवर विचारलं, "तुम्हाला आमच्या गावाबद्दल बोलायचंय का त्या मालिकेबद्दल? गावाबद्दल असेल तर कापसावर बोलतो. मालिकेबद्दल असेल तर येत नाही. पन्नास वर्षं झाली, मी परगावी गाव सांगितलं की समोरचा तेच विचारतो."

त्यांना शेवटपर्यंत आणता आलं नाही.

पोस्टर काढायला लावलं तेव्हा मुलं नाराज झाली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: मालिकेत नावं आहेत, पुस्तकात आहेत, निकालपत्रात आहेत, मग आमच्याच पोस्टरवर का नकोत? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझं उत्तर असं की निकालपत्रात नाव येतं ते निकालासकट येतं. पोस्टरवर ते शिंतोड्यांसकट आलं होतं.

नावं बदलली असती तर?

इथं एक जुनी तुलना हाताशी आहे. याच प्रकरणावरून 1981 ला अमोल पालेकरांनी 'आक्रित' केला होता, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात पात्रांची नावं काल्पनिक होती. बैठकीत तो फक्त काका आणि वकिलांनी बघितलेला. दोघांना त्यातली माणसं आठवत होती, पण 'हे खरंच असं घडलं का' हा प्रश्न तेव्हा मनात आला नव्हता, असं दोघंही म्हणाले. तेव्हा त्यांचं बोलणं झालं होतं ते गावातल्या सत्तेबद्दल, बाईच्या मूल नसण्याबद्दल, मांत्रिकाच्या धंद्याबद्दल.

माझं मत असं की नाव बदललं की प्रेक्षक अर्थ शोधतो, आणि नाव तसंच ठेवलं की तो खरं-खोटं शोधतो. एवढ्यावरच थांबला असता तरी हरकत नव्हती. पण खरं-खोटं शोधायला तो निकालपत्राकडं जात नाही, पुढच्या भागाकडं जातो. 'सत्यघटनेवर आधारित' ही पाटी दोन्ही हातांनी वाजते. निर्मात्याला पाहिजे तिथं ती खरेपणाचा शिक्का देते आणि पाहिजे तिथं कल्पनेची मोकळीक. प्रेक्षकाला मात्र शिक्काच दिसतो.

काकांनी हे मत एका वाक्यात अडवलं. "नावं बदलली असती तर आम्ही बघितलीच नसती." खरं आहे. मोठ्याई बोलली नसती, वकिलांनी तोंड उघडलं नसतं, आणि हे टिपणही झालं नसतं. म्हणून नावं नकोतच असं मी म्हणत नाही. मालिकेचं नाव, गावाचं नाव राहू दे. सुटलेल्या माणसांबद्दल प्रेक्षकाला किमान तितकंच ठळक सांगा, जितका ठळक त्यांचा अपराध दाखवला.

निकालपत्राची सभा

चर्चा झाली, पण वेगळी. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या 19 एप्रिल 1977 च्या निकालातले उतारे मराठीत समजावून सांगितले. दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड. कायद्याचे विद्यार्थी हा खटला देशभर वाचतात, बहुतेकांना मानवत कुठं आहे हे माहीत नसतं. माफीचा साक्षीदार कितपत मानायचा, कबुलीजबाब नोंदवताना मॅजिस्ट्रेटनं काय पाळायचं, शिक्षा ठोठावण्याआधी आरोपीचं वेगळं ऐकून घ्यायचं म्हणजे नेमकं काय, असे तीन-चार मोठे मुद्दे त्यात आहेत.

मुलांना धक्का बसला तो पोलिसांवरच्या भागानं. गुन्हा उघडकीस आणायच्या उत्साहात पोलीस बंद दाराआड हात उचलतात, आणि कायद्याचे रखवालदारच कायदा मोडू लागले तर कुणीच सुरक्षित राहणार नाही, अशा आशयाचे खडे बोल त्या निकालात आहेत. आठ भाग ज्या बाजूनं बघितले, त्याच बाजूला न्यायालय चार शब्द सुनावतंय, हे मुलांना पचायला जड गेलं. एकानं विचारलं, "मग कुलकर्णी साहेब चुकले का?" वकील म्हणाले, तसं काही सरसकट म्हणता येणार नाही, त्यांनीच पकडलेल्यांपैकी काहींना शिक्षा झाल्या, खुनांची रांगही थांबली. एका प्रकरणात अधिकारी हुशार असू शकतो, पुरावा अपुरा असू शकतो आणि मेलेली मुलगी खरी असू शकते, तिन्ही एकाच वेळी.

जादूटोणाविरोधी कायद्याची गाडी सभेत थोडी पुढं गेली. डॉ. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, चार दिवसांत वटहुकूम निघाला, त्याच वर्षाअखेर कायदा झाला. एक मुलगी म्हणाली, आता असं होत नाही. मुख्याध्यापकांनी गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांच्या अलीकडच्या बातम्यांची कात्रणं पुढं केली. त्यावर फार बोलणं झालं नाही, सगळ्यांना मान्यच होतं.

मोठ्याई सभेला आली होती, मागच्या बाकावर. वकिलांचं संपल्यावर तिनं हात वर केला नाही, सरळ बोलली. "कोर्टानं सोडलं ते बरोबर असंल. म्हणून माझ्या मायनं मला बांधलं ते खोटं होतं का?" वकील म्हणाले, "नाही मोठ्याई, ते खोटं कसं होईल. फक्त कुणाच्या भीतीनं बांधलं, ते नाव कोर्टाला ठरवता आलं नाही." तिचं समाधान झालं नाही, आणि व्हावं असं मलाही वाटलं नाही.

आता कुठं आहे

मुलांनी या प्रकरणावर निबंध दिले. बहुतेकांनी मालिकेच्या गोष्टीचा सारांश लिहून शेवटी 'तथापि दोघे निर्दोष सुटले' अशी एक ओळ जोडली होती. म्हणजे निकाल कळला, पण गोष्ट तीच राहिली. दोघा-तिघांनी मात्र उलटं केलं: निकालापासून सुरुवात करून मागं गेले, आणि त्यांच्या लिखाणात मांत्रिकापेक्षा साक्षीदार मोठा झाला. पुढच्या सत्रापासून मी हाच क्रम लावणार आहे, आधी निकालपत्र वाचायचं आणि मग पडदा लावायचा. बघण्यातली मजा त्यामुळं कमी होईल अशी मुलांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

माझ्या पारधी विद्यार्थ्यानं निबंध दिला नाही. त्याऐवजी त्यानं एक मागणी आणली: निर्मात्यांना पत्र लिहायचं की शेवटच्या भागाच्या आरंभीच, अक्षरं वाचता येतील एवढा वेळ, न्यायालयात काय टिकलं आणि काय नाही हे दाखवा. वकील मसुदा बघायला तयार आहेत. काकांचं म्हणणं, पत्रानं काय होतंय. वर्गात मत घेतलं तर निम्मे इकडं, निम्मे तिकडं. मसुदा सध्या त्या मुलाकडं आहे, आणि सही कुणाकुणाची घ्यायची यावर अडला आहे.